वेगाच्या पेढ्या : अमेरिकेतील मसल मोटारींच्या जुन्या विक्रीस्थळांचा एक विचार

अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात ज्या मोटारींना 'मसल कार' हे नाव मिळाले, त्यांचा इतिहास बहुधा डेट्रॉइटच्या कारखान्यांचा इतिहास म्हणूनच लिहिला जातो. कल्पना साधी होती. मध्यम आकाराच्या, सामान्य मिळकतीच्या तरुणाला परवडेल अशा गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरांचे यंत्र बसवावयाचे, आणि ती गाडी रस्त्यावरही चालेल व पाव मैलाच्या सरळ शर्यतीतही उतरेल अशी ठेवावयाची. १९६४ सालच्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून या प्रकाराचा आरंभ धरतात. १९७४ च्या सुमारास तो लयाला गेला, असेही सर्वसाधारणपणे मानले जाते. या कथेचे नायक अर्थातच अभियंते व कंपन्यांचे अधिकारी असतात. त्यांची टिपणे व पत्रव्यवहार कंपन्यांच्या दप्तरांत राहिले, म्हणून इतिहासातही तेच राहिले.

प्रस्तुत लेखात या कथेची दुसरी बाजू पाहावयाची आहे. ती म्हणजे या गाड्या विकणाऱ्या पेढ्या आणि त्यांच्याही आधीपासून वेगाचे सुटे भाग विकणारी 'स्पीड शॉप' नावाची दुकाने. अलीकडे अनेक हौशी मंडळी या दुकानांच्या जुन्या जागा शोधून त्यांना भेटी देऊ लागली आहेत. विद्यापीठीय अभ्यासकांनी या प्रवासाकडे केवळ हौस म्हणून पाहू नये, असे मला वाटते. मसल मोटार कारखान्यात जितकी घडली तितकीच ती विक्रेत्याच्या मेजावर व त्याच्या मागील दुरुस्तीशाळेत घडली; आणि ही गोष्ट त्या जागांच्या भूगोलावरून जितकी उघड होते तितकी कंपन्यांच्या कागदांवरून होत नाही.

प्रथम स्पीड शॉपांचा विचार करू, कारण कालानुक्रमाने ती आधीची. लॉस एंजेलिस शहराच्या आग्नेयेस बेल नावाचे लहान नगर आहे. तेथील 'बेल ऑटो पार्ट्स' या दुकानाला अशा प्रकारचे पहिले दुकान म्हणण्याचा प्रघात आहे. जॉर्ज वाइट यांनी १९२३ मध्ये ते काढले. मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग विकता विकता शर्यतीच्या गाड्यांना लागणारे भाग वेगळे काढून विकावेत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्या पश्चात १९४५ मध्ये रॉय रिक्टर यांनी हे दुकान घेतले. बेल हे शिरस्त्राणांचे नाव पुढे जगभर गेले, ते या दुकानातून. ज्यांनी या नावाचे शिरस्त्राण डोक्यावर घातले त्यांपैकी फारच थोड्यांना ते एका गावाचे नाव आहे हे ठाऊक असेल.

बेलच्या आसपासचा नकाशा समोर ठेवला की एक गोष्ट लक्षात येते. शेजारच्या साउथ गेट येथे जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९३६ पासून १९८२ पर्यंत चालू होता. लोखंडाचे ओतकाम, कातकाम, रबर, गाड्यांची मोडतोड असे सर्व धंदे त्या पट्ट्यात होते. स्पीड शॉप हे अशा परिसराचेच अपत्य. ते श्रीमंत वस्तीत निघाले नाही. जेथे कातारी सहज मिळतो आणि सायंकाळी काम सुटलेला तरुण मजुरीच्या पैशांतून एखादा कार्ब्युरेटर घेऊन जाऊ शकतो, तेथे ते निघाले.

बर्बँकचे उदाहरण याहूनही बोलके आहे. अ‍ॅलेक्स झायडियस हे महायुद्धातील सैनिकी सेवेतून मोकळे होताच त्यांनी मार्च १९४६ मध्ये बर्बँक येथे 'सो-कॅल स्पीड शॉप' उघडले. पुढे ते त्याच नगरात व्हिक्टरी बुलेव्हार्डवर नेले आणि १९६१ मध्ये बंद केले. युद्धकाळात बर्बँक म्हणजे लॉकहीड विमानांचे गाव. तेथे पी-३८ जातीची लढाऊ विमाने तयार होत. या विमानांच्या पोटाखाली, पल्ला वाढविण्यासाठी, इंधनाच्या जादा टाक्या टांगीत असत आणि युद्धानंतर अशा टाक्या भंगाराच्या भावाने मिळू लागल्या. थेंबाच्या आकाराची ती टाकी वाऱ्याला कमीत कमी अडथळा करी. तिच्यात यंत्र व चालकाचे आसन बसवून शर्यतीची गाडी करण्याची युक्ती बिल बर्क यांनी युद्धानंतर लगेच योजिली. सो-कॅलने १९५२ साली पी-३८ च्या टाकीपासून केलेली गाडी या जातीतील सर्वांत प्रसिद्ध ठरली. छायाचित्रात ती गाडी एखाद्या कल्पक कारागिराची लहर वाटते. परंतु दुकानाचा पत्ता व लॉकहीडचा कारखाना एकाच नकाशावर मांडले, की ती लहर न राहता युद्धोत्तर अर्थव्यवस्थेचे एक सरळ उत्पादन ठरते. लॉकहीडने १९९० नंतर बर्बँक सोडले. दुकान त्याच्या तीस वर्षे आधीच गेले होते. झायडियस मात्र दीर्घायुषी ठरले. ते २०२४ मध्ये, वयाच्या शंभरीनंतर निवर्तले.

आता मोटारविक्रीच्या पेढ्यांकडे वळू. जनरल मोटर्सने जानेवारी १९६३ मध्ये आपल्या सर्व विभागांना शर्यतींपासून अंग काढून घेण्याचा हुकूम दिला. याशिवाय मध्यम व लहान आकाराच्या गाड्यांत किती मोठे यंत्र बसवावे यावरही कंपनीने मर्यादा घातली होती. जीटीओ ही पहिली मसल मोटार या मर्यादेतील फटीतूनच बाहेर आली. ती स्वतंत्र गाडी म्हणून नव्हे, तर टेम्पेस्ट गाडीवर मिळणारा एक ऐच्छिक संच म्हणून विक्रीस ठेवली गेली, कारण ऐच्छिक संचास वरिष्ठांची मंजुरी लागत नसे. पहिल्याच वर्षी तिच्या ३२,४५० प्रती खपल्या, तेव्हा मंजुरीचा प्रश्न आपोआप मिटला. कॅमेरोसारख्या गाड्यांच्या यंत्रांवर पुढे ४०० घनइंचांची मर्यादा होती. शेवरोलेटचे ४२७ घनइंचांचे यंत्र कॉर्व्हेटमध्ये मिळे, कॅमेरोमध्ये मिळत नसे. विक्रेत्यांचे कर्तृत्व सुरू होते ते नेमके येथे.

१९६७ मध्ये काही शेवरोलेट पेढ्यांनी नव्या कॅमेरोतील यंत्र काढून तेथे ४२७ चे यंत्र हाताने बसवून विकण्यास आरंभ केला. पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्गची येंको, शिकागोची निकी आणि साउथ गेटची डाना या त्यांतील प्रमुख. साउथ गेट हे नाव वाचकांस वर आलेच आहे. डॉन येंको हे स्वतः कॉर्व्हेटचे यशस्वी शर्यतपटू होते. कॅनन्सबर्ग हे पिट्सबर्गच्या नैर्ऋत्येस, कोळसा व पोलाद यांवर पोसलेले गाव. पेरी कोमो व बॉबी व्हिंटन या दोन गायकांचे जन्मगाव म्हणून त्याची प्रसिद्धी आहे. मोटारींच्या शौकिनांना तेथे तिसरेच नाव आठवते.

हाताने यंत्र बदलण्याचे काम वेळखाऊ व खर्चाचे होते. त्यातून काढलेला मार्ग मला या सर्व इतिहासातील सर्वांत उद्बोधक भाग वाटतो. जनरल मोटर्समध्ये 'सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर' या नावाचे एक मागणीपत्र होते. पोलिसांच्या गाड्या, टॅक्सी, मालमोटारींचे ताफे यांसाठी एखादा खास रंग वा खास भाग हवा असल्यास ते वापरीत. शेवरोलेटमधील विन्स पिगिन्स आणि बाहेरचे हे विक्रेते यांनी ताफ्यांसाठी असलेले हेच मागणीपत्र वेगवान गाड्यांसाठी वापरले. १९६९ साली ९५६१ या क्रमांकाच्या मागणीनुसार ४२७ चे यंत्र कॅमेरोत कारखान्यातच बसून येऊ लागले. त्या वर्षी येंकोंच्या नावाने सुमारे दोनशे कॅमेरो निघाल्या. पट्टे व चिन्हे तेवढी कॅनन्सबर्गला लागत. म्हणजे कंपनीच्या एका नियमाला कंपनीच्याच दुसऱ्या कागदाने बगल दिली, आणि तो कागद भरून घेण्याचा आग्रह धरणारा मनुष्य डेट्रॉइटमध्ये नव्हे, कोळशाच्या गावात बसला होता.

शिकागोतील जागा निराळ्या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. निकी शेवरोलेट आयर्विंग पार्क रोडवर होती. तिच्या पाटीवर नावातील रोमन 'के' हे अक्षर मुद्दाम उलटे रंगविलेले असे. ही युक्ती बालिश वाटेल. परंतु ज्या रस्त्यावर एकामागून एक मोटारींच्या पेढ्या आहेत, तेथे धावत्या गाडीतून पाटी वाचणाऱ्याची नजर अडविण्यास याहून स्वस्त उपाय नव्हता. पाटी ही रस्त्याच्या वेगासाठी लिहिलेली असते, हे जागेवर गेल्याशिवाय पटत नाही.

दुसरी पेढी नावातच आपला पत्ता सांगते. ग्रँड अ‍ॅव्हेन्यू व स्पॉल्डिंग अ‍ॅव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरील ती 'ग्रँड स्पॉल्डिंग डॉज'. नॉर्मन क्राउस हे तिचे चालक. सर्व गिऱ्हाइकांना ते 'मिस्टर नॉर्म' म्हणून परिचित होते. क्राउस बंधूंनी आधी याच कोपऱ्यावर जुन्या गाड्यांची विक्री केली. ज्या गाडीची जाहिरात चार वेगांच्या गिअरपेटीसह दिली जाई तिला गिऱ्हाईक लवकर मिळते, हे त्यांनी त्या काळात हेरले. पुढे डॉजची पेढी मिळाल्यावर हेच निरीक्षण त्यांनी नव्या गाड्यांस लावले. विकलेली वेगवान गाडी ताब्यात देण्यापूर्वी डायनॅमोमीटरवर चढवून तिची जुळणी करून देणे, हे त्या पेढीचे वैशिष्ट्य झाले. डार्ट या लहान गाडीत ३८३ घनइंचांचे यंत्र बसणार नाही असे क्रायस्लरचे अभियंते म्हणत, तेव्हा पेढीने ते बसवून गाडीच डेट्रॉइटला नेऊन दाखविली, अशी कथा सांगतात. कथेतील संवाद रंगविलेले असतील. तथापि १९६७ मध्ये ३८३ ची डार्ट कंपनीच्या यादीत आली, हे खरे. आणि १९६८ मध्ये याच पेढीच्या नावावर ४४० ची डार्टही निघाली. क्राउस २०२१ मध्ये वारले.

मिशिगनमधील रॉयल ओक येथील 'रॉयल पाँटिअ‍ॅक' या पेढीचे महत्त्व मुख्यतः वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूमुळे. डेट्रॉइट शहराच्या मध्यातून निघून वायव्येस पाँटिअ‍ॅक गावापर्यंत जाणारा हा रुंद हमरस्ता. १९०९ मध्ये याच रस्त्यावर एक मैल लांबीचा काँक्रीटचा तुकडा बांधून पाहण्यात आला होता. अर्धशतकानंतर रात्रीच्या वेळी या रस्त्यावर तरुण आपल्या गाड्यांचा वेग अजमावीत, आणि कंपन्यांचे अभियंतेही, नोकरीची शिस्त घरी ठेवून, तेथे हजेरी लावीत. एस विल्सन यांची पेढी या रस्त्यापासून जवळ होती. पाँटिअ‍ॅकची जाहिरात करणाऱ्या संस्थेतील जिम वँगर्स यांनी या पेढीला कंपनीची अनधिकृत प्रयोगशाळा बनविले. शर्यतींतून बाहेर पडलेल्या कंपनीला शर्यतीचे ज्ञान हवेच होते. ते तिने एका विक्रेत्याच्या दुरुस्तीशाळेत ठेवले.

रॉयलने तयार केलेल्या गाड्यांना 'बॉबकॅट' म्हणत. बॉनव्हिल व कॅटलिना या गाड्यांच्या नावांच्या धातूच्या अक्षरांतून हे नाव जुळविले होते. जाडी कमी केलेले गॅस्केट, कार्ब्युरेटरची बदललेली जेट, प्रज्वलनाची पुढे सरकविलेली वेळ, एवढेच काय ते त्याचे रहस्य, आणि तेही पुडक्यात बांधून टपालाने कोठेही धाडले जाई. येथे स्थळाच्या अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. रॉयलचा भूखंड लहान होता, पण तिचा व्यवहार देशभर पसरला होता. जागेवर उभे राहून धंद्याचा आकार मोजू गेल्यास तो फार लहान दिसेल.

'कार अँड ड्रायव्हर' मासिकाच्या मार्च १९६४ च्या अंकातील प्रसिद्ध परीक्षणही रॉयलशी निगडित आहे. मुखपृष्ठावर पाँटिअ‍ॅक जीटीओ व फेरारी जीटीओ शेजारी शेजारी धावताना दाखविल्या होत्या. प्रत्यक्षात अशी शर्यत झालीच नाही. पाँटिअ‍ॅकच्या परीक्षणात जी गाडी विलक्षण वेगाने पळाली तिच्यात ३८९ ऐवजी रॉयलने बसविलेले ४२१ घनइंचांचे यंत्र होते, हे वँगर्स यांनी १९९८ च्या आपल्या आठवणींत मान्य केले. या आठवणी म्हणजे एका अर्थी बखरच. रंग भरलेल्या, स्वपक्षाचा अभिमान बाळगणाऱ्या, तरीही ज्या ठिकाणी लेखक स्वतःच्याच यशाचे श्रेय कमी करून घेतो तेथे विश्वासार्ह. मसल मोटारींचे युग ज्या परीक्षणाने गाजविले ते कारखान्याच्या गाडीचे नव्हते, विक्रेत्याच्या गाडीचे होते. माझ्या मते प्रस्तुत विषयात याहून महत्त्वाचा पुरावा नाही.

फोर्डच्या बाबतीतही हेच दिसते. ऱ्होड आयलंडमधील ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे बॉब टास्का यांची फोर्ड पेढी होती. १९६७ मध्ये तिने एका मस्टँगमध्ये ४२८ चे यंत्र व फोर्डच्याच भांडारातील भाग जुळवून एक गाडी तयार केली. 'हॉट रॉड' मासिकाने नोव्हेंबर १९६७ मध्ये तिच्यावर लेख छापून, अशी गाडी फोर्डने काढावी की नाही, असा कौल वाचकांकडून मागविला. १९६८ च्या वसंतात फोर्डने ४२८ कोब्रा जेट बाजारात आणली. त्याआधी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील पोमोना येथील शर्यतींत तिने आपली करामत दाखविलीच होती.

या पेढ्या बंद का झाल्या, हे सर्वज्ञात असल्याने थोडक्यात सांगतो. विम्याचे दर १९७० च्या आसपास तरुण चालकांच्या आवाक्याबाहेर गेले. १९७० च्या हवाशुद्धीच्या कायद्याने यंत्रांच्या रचनेवर बंधने आली. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने यंत्रांतील संपीडन कमी केले. १९७२ पासून अश्वशक्तीचे आकडे नव्या, कमी भरणाऱ्या पद्धतीने छापले जाऊ लागले. आणि ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीने उरलेले काम केले. लाँग आयलंडवरील बॉल्डविन येथील 'मोशन परफॉर्मन्स' शेवटपर्यंत तग धरून होते. पाव मैल ११.५० सेकंदांत कापण्याची लेखी हमी जोएल रोझेन यांचे हे दुकान देत असे, व गाड्या बॉल्डविन शेवरोलेट या शेजारच्या पेढीमार्फत विकल्या जात. १९७४ मध्ये केंद्र सरकारच्या कारवाईमुळे त्यांस नव्या गाड्यांत असे फेरबदल करून विकणे थांबवावे लागले. येंको शेवरोलेट १९८२ पर्यंत चालली. डॉन येंको १९८७ मध्ये विमान अपघातात मरण पावले. पाँटिअ‍ॅक या नावाची निर्मितीच २०१० पर्यंत संपुष्टात आली.

या जागांचे जतन का झाले नाही, हा प्रश्न मात्र थोडा विस्ताराने पाहण्याजोगा आहे. शिकागोतच दक्षिण मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर 'मोटर रो' नावाचा जुन्या मोटारपेढ्यांचा पट्टा आहे. त्याला २००० साली शहराने व २००२ साली राष्ट्रीय नोंदवहीने वारसास्थळाचा दर्जा दिला. त्या इमारती विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांतील आहेत. नामांकित वास्तुशिल्पींनी बांधलेल्या, दर्शनी भागावर नक्षी असलेल्या त्या अनेकमजली वास्तू पाहून कोणासही त्या जपाव्याशा वाटतील. ग्रँड अ‍ॅव्हेन्यूवरील कोपऱ्याला असे भाग्य नाही. १९५० नंतरची मोटारपेढी म्हणजे सर्वसाधारणपणे एकमजली विटांची पेटी, पुढे मोठी काच, बाजूस गाड्या उभ्या करण्याचे मोकळे आवार. अशी इमारत उद्या टायरच्या दुकानाला, परवा गुदामाला चालते, आणि भूखंड महाग झाला की पाडली जाते. वारसा ठरविणारी दृष्टी वास्तूकडे पाहते, व्यवहाराकडे नाही. परिणामी ज्या पेढ्यांत केवळ तयार गाड्या विकल्या गेल्या त्या राहिल्या, आणि ज्यांत गाड्या घडल्या त्या गेल्या. सँटा फे स्प्रिंग्ज येथील डीन मून यांच्या दुकानासारखे अपवाद विरळा. १९६२ मध्ये कॅरॉल शेल्बी यांच्या पहिल्या कोब्रा गाडीत फोर्डचे यंत्र बसले ते तेथे. मून १९८७ मध्ये वारले, तरी दुकान त्याच जागी, जपानी मालकीत, पुढे चालू राहिले.

जागेबरोबर कागदही गेले, आणि ही हानी अधिक गंभीर आहे. दप्तरांची स्थिती कंपनीगणिक भिन्न आहे. पाँटिअ‍ॅकची बीजके सूक्ष्मपटांवर सुरक्षित आहेत. फोर्डची १९६७ पासूनची उत्पादनमाहिती उपलब्ध आहे. क्रायस्लरच्या गाड्यांत जुळणीचा तक्ता आसनाखाली दडलेला सापडतो. शेवरोलेटच्या बाबतीत गाडी कोणत्या विक्रेत्याकडे गेली एवढे काही अंशी कळते; पण तीत कोणते यंत्र होते हे सांगणारी अमेरिकेतील बीजके बहुतांशी जतन झाली नाहीत, शेजारच्या कॅनडात मात्र झाली. म्हणून ज्या शेवरोलेट पेढ्यांचे काम सर्वांत मोठे, त्यांच्याच बाबतीत आपल्याला पेढीच्या स्वतःच्या कागदांवर, गिऱ्हाइकास दिलेल्या हमीपुस्तिकेतील धातूच्या पट्टीवर आणि जुन्या जाहिरातींवर विसंबावे लागते. अशा गाड्यांना आज प्रचंड किंमत येत असल्याने साध्या कॅमेरोवर येंकोचे पट्टे रंगवून ती खरी म्हणून विकण्याचा मोहही मोठा आहे. नकली गाडी करता येते, नकली कागद करता येतो. आगीच्या विम्यासाठी सॅनबॉर्न कंपनीने काढलेल्या नकाशांवरील इमारत मात्र नंतर कोणाला बदलता येत नाही. दुरुस्तीशाळा किती मोठी होती आणि तीत किती गाड्यांची सोय होती, यावरून एखाद्या पेढीने अमुक इतक्या गाड्यांत हाताने यंत्रे बदलली हा दावा शक्य कोटीतील आहे की नाही, हे पारखता येते. जागेचा असा उपयोग अद्याप फारसा कोणी केलेला नाही.

शेवटी ला हार्पविषयी. पश्चिम इलिनॉयमधील मक्याच्या शेतांतले हे गाव. १९७० च्या शिरगणतीत वस्ती तेराशेहून कमी. तेथे फ्रेड गिब यांची शेवरोलेट पेढी होती. ९५६० या क्रमांकाच्या मागणीपत्रावर, पूर्णपणे अ‍ॅल्युमिनियमचे ४२७ यंत्र असलेल्या झेडएल-१ कॅमेरो मिळू शकत. शर्यतीच्या नियमांनुसार किमान पन्नास गाड्या तयार होणे आवश्यक होते. त्या पन्नासही गाड्यांची मागणी गिब यांनी एकट्याने नोंदविली. १९६८ च्या अखेरीस गाड्या येऊ लागल्या तेव्हा, यंत्राची चार हजारांहून अधिक डॉलर किंमत धरून, प्रत्येकीचा आकडा सात हजार डॉलरांच्या वर गेला होता. एवढ्या पैशांत त्या काळी दोन साध्या कॅमेरो येत. ज्या रस्त्यावर ट्रॅक्टर व मालमोटारी उभ्या राहावयाच्या, तेथे या गाड्या येऊन थांबल्या. गिब यांनी त्यांपैकी बहुतेक कंपनीस परत घ्यावयास लावल्या, आणि त्या देशभरच्या इतर पेढ्यांना वाटून देण्यात आल्या. एकूण ६९ झेडएल-१ कॅमेरो निघाल्या. त्यांतील पन्नासांच्या चरित्रात ला हार्प हे पहिले मुक्कामाचे गाव आहे, परंतु त्यांतील बहुतेकींच्या पहिल्या मालकाने ते गाव कधी पाहिलेही नसेल.